दुसरा डोळा नाव जाहीर झाल्यावर

रोह्याहून निघालेली सकाळची मेमू पेणला थांबते, मी उतरते आणि गाडी पुढे जाते. पुढचं स्टेशन हमरापूर. गेली दोन वर्षं मी पुढे गेलेली नाही. कॉलेज पेणलाच आहे, पुढे जाण्याचं काही कारण नाही, असं मी स्वतःला सांगते. पण आषाढ लागला की गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवर जरा रेंगाळते. शेवटचा डबा वळणाआड गेला की मगच जिन्याकडे वळते.

हमरापूरला माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. काही मूर्ती नुसत्या मातीच्या, काही पांढऱ्या, काही अंगावर रंग चढलेल्या, पण सगळ्या आंधळ्या. डोळे सगळ्यात शेवटी. ओला शाडू आणि ताजा रंग यांचा मिळून एक वास असतो, तो मला रोह्याजवळ वरश्याच्या आमच्या घरात, तिथून एवढ्या लांब, कधीकधी एकदम येतो. आई म्हणते, तुझ्या मनाचे खेळ. असतीलही.

यंदा मात्र हा हंगाम एकटा आला नाही. सोबत जांभळ्या परत आला.

जांभळ्या हा सिनेमातला सुपरहिरो. त्याचं पोस्टरवरचं नाव हिंदी आणि भारदस्त आहे. पण मामीने पहिल्यांदा ते पोस्टर बघितलं तेव्हा विचारलं, "हा कोण गो जांभळ्या?" त्याच्या पोशाखाचा रंग तसा होता. तेव्हापासून आमच्यात तेच नाव. पहिल्या सिनेमाच्या शेवटी तो धरणाच्या भिंतीवरून पुरात उडी घेतो आणि पाण्यावर फक्त त्याचा मुखवटा तरंगत राहतो. थिएटरात दिवे लागले तरी कोणी उठत नव्हतं. मग काही महिन्यांनी बातमी आली की दुसरा भाग येणार, पण तो नट काही परत येणार नाही. मुखवट्यामागे आता कोण, या एका प्रश्नावर किती माणसं किती वेळ बोलू शकतात, ते मी त्या वर्षी पाहिलं.

आणि आता पुन्हा पाहत होते. सानिया माझ्याच वर्गात आहे, रोह्याशेजारच्या अष्टमी गावची. तिचे अब्बा कतारला असतात आणि ती त्यांच्याशी सुद्धा व्हिडीओ कॉलवर जांभळ्याबद्दल बोलते. परवा मेमूत बसल्या बसल्या तिने मला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? रविवारी पाच वाजता नाव सांगणारेत. या वेळी नक्की."

"हो?"

"हो काय? मेलीस की काय तू? दोन वर्षं थांबलोय आपण." मग ती फोनवर बोट फिरवत म्हणाली, "तुला आठवतो का तो पेणवाला? डोळ्यांवरून ओळखायचा. एक नंबर पेज होतं. बंदच झालं मध्येच. कंटाळला असेल."

मी खिडकीबाहेर बघत होते. नागोठणं गेलं होतं. मी "असेल" म्हटलं.

त्या पेजचा पासवर्ड माझ्याकडे आहे, हे तिला माहीत नाही. कारखान्याच्या माळ्यावर गोणपाटाखाली एक मूर्ती आहे, तिला एकच डोळा आहे, हेही तिला माहीत नाही. तो एकच का आहे, हे मात्र माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. माझ्या मामा-मामीलाही नाही. आणि त्यांना ते कळायला हवं होतं.

*

सूरजदादा माझ्या मामाचा एकुलता एक मुलगा. दहावीनंतर शाळा सोडली आणि मामाच्या हाताखाली बसला. बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत तो आखणी करायला लागला होता. मूर्तीचे डोळे रेखण्याच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. हे काम सगळ्यांना येत नाही. माती भरायला चार दिवसांत शिकता येतं, रंग द्यायला एखादा हंगाम पुरतो. आखणीला हात लागतो. दादा वरच्या पापणीची रेघ काढताना श्वास रोखायचा. रेघ पूर्ण झाली की सोडायचा. लहानपणी मी मागे उभी राहून त्याच्याबरोबर श्वास रोखायचे आणि मला नेहमी आधी खोकला यायचा.

मागेच उभं राहायचं, हा मामाचा नियम. ब्रश डोळ्याकडे गेला की मामा ओरडायचा, "समोरून हला. पहिली नजर माणसावर पडू नये." मग आम्ही सगळे मूर्तीच्या पाठीमागे. तो नियम कोणी कधी मोडला नव्हता. मोडला तर काय होतं, हेही कोणी कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो आणखीच मोठा वाटायचा.

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी मी बारावी झाले होते. आमच्या घरात बारावी होणारी मी पहिलीच. बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला जातात, आई सातवीपर्यंत शिकली. पुढे काय करायचं हे घरात कोणाला विचारता येत नव्हतं, म्हणून ॲडमिशन होईपर्यंत मी मामाकडे राहायला गेले. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या भागाचा टीझर आला. सगळा अंधार, मग मुखवटा, मग त्याच्या आतले उघडणारे दोन डोळे. तीन सेकंद. बस्स.

जगासाठी ते तीन सेकंद होते. दादासाठी ते त्याच्या धंद्यातलं काम होतं.

त्याने फोन पांढऱ्या रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ते तीन सेकंद दिवसभर मागे-पुढे करत राहिला. पेज त्याचंच, 'पेणचा जांभळ्या'. तो बोलायचा आणि मी लिहायचे, कारण त्याचं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं असं त्यालाच वाटायचं. माझंही चुकायचं. पण मी बारावी होते.

"माणूस दाढी ठेवतो, काढतो, जाडा होतो, नाक पण बदलून घेतो," तो सांगायचा. "वरच्या पापणीची रेघ नाय बदलत. लिही."

मी लिहायचे. लोक वाचायचे, भांडायचे, शिव्या द्यायचे, पुन्हा यायचे. कोणी म्हणे जुनाच परत आलाय, न येण्याची बातमी ही जाहिरात आहे. बहुतेकांचं मत होतं की दाढीवाला. मामीचंही. नटांना नावं मामीनेच ठेवली होती, दाढीवाला, सीरियलवाला, असली. ती मूर्तींच्या पितांबराला पिवळा देत बसायची आणि मान वर न करता मत द्यायची.

"दाढीवालाच हाय तो."

"आई, दाढी मावेल काय मुखवट्यात?"

"काढील की. पोटासाठी माणसं मिशी काढतात, दाढीचं काय घेऊन बसलास?"

"डोळे बघ गो आई. डोळे."

"डोळ्यात काय बघायचंय? मला तो घरातल्यासारखा वाटतो."

मामा पलीकडे सोंडेवरून पाण्याचा हात फिरवत असायचा. तो म्हणायचा, "जांभळ्याचा काय तो निकाल नंतर लावा. मुंबईची गाडी चार दिवसांवर आली. बारा मूर्ती तुझ्यासमोर बिनडोळ्याच्या बसल्यात."

"बघत तर नायत ना?" दादा हसायचा.

"बघत नायत म्हणून तर बोलतोय."

एकदा तर अष्टमीचे एक काका मूर्ती बघायला आले आणि बराच वेळ एका मूर्तीसमोर उभे राहिले. म्हणाले, "यंदा नजर वेगळी वाटते हो." मामाने निरखून पाहिलं आणि दादाकडे वळला. तीन दिवस तेच डोळे बघून बघून दादाच्या हातात जांभळ्याची पापणी उतरली होती. शेवटाला जराशी खाली झुकणारी. मामाने सहा मूर्तींचे डोळे पुसायला लावले. दादा पुसत होता आणि मला हळूच म्हणत होता, "म्हणजे मला सापडलीय गो ती रेघ. आता सांगतो कोण तो."

*

व्हिडीओ आम्ही गुरुवारी केला. नाव रविवारी जाहीर व्हायचं होतं. मामा पेणला रंग आणायला गेला होता, मामी घरात भाकऱ्या भाजत होती. दादाने दाराजवळची एक मूर्ती निवडली, दीड फुटाची, शाडूची. दारातून पावसाळी पांढरा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडत होता.

"तू समोर उभी राहा," तो म्हणाला.

"मामा काय म्हणेल?"

"पप्पा पेणला गेलेत. आणि तू कुठे उभी हायस? फोन उभा हाय."

मी हसले आणि समोर उभी राहिले. हे मला नीट आठवतं, की मी हसले.

त्याने कॅमेऱ्याकडे बघून आपला तर्क सांगितला, मूर्तीचा उजवा डोळा आखला आणि ब्रश खाली ठेवला. "एक डोळा आज. दुसरा डोळा नाव जाहीर झाल्यावर. भाग दोन रविवारी, मंडळी." मग मला म्हणाला, "आत्ता टाकू नको. नाव आलं की लगेच टाक. मी आधीच बोललेलो हे सगळ्यांना दिसू दे."

शुक्रवारी दुपारी पावसात त्याची बाईक घसरली. मी याच्यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. लिहून पाहिलं, खोडलं.

रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं. मामी भिंतीला टेकून बसली होती. मी बाहेर पडवीत आले आणि पाच वाजता फोन बघितला. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तशा दिवशीही मी पाच वाजता फोन बघितला. नाव जाहीर झालंच नव्हतं. शूटिंग पुढे ढकललं होतं. मला त्या क्षणी सिनेमावाल्यांचा इतका राग आला, जसं काही त्यांनी नाव सांगितलं असतं तर तो उठून दुसरा डोळा आखायला बसला असता.

बाराव्याला मामाने ती मूर्ती हातात घेतली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "एकच डोळा का ठेवला असेल त्याने? असं कधी अर्धं ठेवायचा नाय तो."

मी तिथेच होते. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. पण काय सांगायचं? सिनेमासाठी? पेजसाठी? आणि मी समोर उभी होते म्हणून? मी ते शब्द जुळवत होते, तेवढ्यात शेजारची एक बाई म्हणाली, "त्याला कळलं असेल गो आधी. जाणाऱ्याला कळतं."

मामीने तिच्याकडे पाहिलं. मग त्या मूर्तीकडे पाहिलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मग मला का नाय सांगितलान?"

दोन वर्षं मामी त्याच प्रश्नाशी राहते आहे. आई फोनवर तिच्याशी बोलते आणि फोन ठेवल्यावर मला सांगते, "आज पण तेच बोलत होती, की त्याला कळलेलं, आणि तो जेवला, हसला, पण मला काय बोलला नाय." मी पुस्तक उघडून बसते. पुस्तकात प्रकाशावरचा धडा असतो. मी त्यातली आकृती पुन्हा पुन्हा काढते.

*

माणूस गेला तरी त्याचं पेज जात नाही. त्याच्या पेजवर काही आलं की माझा फोन वाजतो. सुरुवातीला रोज वाजायचा, मग कधीतरी. "भाई, कुठे गायब?" "भाई, तू बोललेलास डोळ्यावरून सांगतो." "घाबरला पेणवाला." लेक्चर चालू असताना बाकाखाली फोन थरथरायचा आणि मला वाटायचं, आता उत्तर द्यायला हवं. काय उत्तर देणार? त्यांच्यासाठी तो नुसता गप्प बसला होता. तो गेला आहे हे माहीत असलेल्या जगात मी राहत होते आणि तो कंटाळला आहे असं समजणाऱ्या जगाची चावी माझ्या खिशात होती. खरं सांगायचं तर ते दुसरं जग मला जास्त आवडायचं. म्हणूनही मी काही लिहिलं नसेल.

तो व्हिडीओ मात्र मी कधी उघडला नाही. फोन बदलला तेव्हा नव्या फोनवर घेतला, पण उघडला नाही. मी विज्ञान शिकते. मूर्तीच्या नजरेने कोणाचं काही होत नाही हे मला कळतं. परीक्षेत लिहा म्हटलं तर कारणांसकट लिहीन. पण पहाटे जाग आली की मला दिसतं ते हेच, मी समोर उभी आहे, हसते आहे, आणि तो डोळा नुकताच उघडला आहे.

या वर्षी जांभळ्याबद्दल पुन्हा सगळे बोलायला लागले तेव्हा मी एका गोष्टीचा विचार करत राहिले. सिनेमात हे किती सोपं असतं. मुखवटा तोच, आतला माणूस वेगळा. लोक पहिली दहा मिनिटं कुरकुर करतात आणि मग सवय होते. मामाने मात्र आखणीला दुसरा माणूस ठेवला नाही. साठीला टेकलेला मामा आता दादाच्या स्टुलावर बसतो. त्याचा हात थरथरतो असं आई म्हणाली होती. तो डावा हात उजव्या मनगटाखाली धरून आखतो.

*

रविवारी मी दुपारच्या गाडीने निघाले आणि पेणला उतरले नाही.

कारखान्यात रंग मारायचा कंप्रेसर बंद होता. मामी दारातच पिवळा कालवत होती. मला बघून तिने नुसतं "आलीस गो?" म्हटलं, जसं काही मी गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. मग लगेच म्हणाली, "त्या जांभळ्याचं लागलं काय ठिकाण? शेजारची पोरं बोलत होती, आज कळणार हाय."

मला वाटलं होतं की आधी चहा होईल, इकडचं तिकडचं बोलणं होईल. तसं झालं नाही. मी दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. गुरुवार, व्हिडीओ, एक डोळा आज, दुसरा रविवारी. सांगताना मी मध्येच थांबत होते, मागचं पुढे होत होतं. मामा स्टुलावरून वळला होता. त्याच्या हातातल्या ब्रशवरचा काळा रंग सुकत चालला होता.

"सिनेमासाठी?" मामा म्हणाला.

"हो."

"जांभळ्याचं नाव येईपर्यंत देवाचा डोळा ठेवून दिला त्याने?"

"हो मामा."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग मामीने विचारलं, "म्हणजे त्याला काय कळलं-बिळलं नव्हतं?"

"नाही गं मामी. तो रविवारी भाग दोन करणार होता."

मामी खाली बसली. पिवळा रंग तिच्या लुगड्याला लागला, तिने पुसला नाही. "रविवारी करणार होता," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन वर्षं गो पोरी. दोन वर्षं तू हे घेऊन बसलीस आणि मी ते घेऊन बसले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तेवढंच म्हटलं.

मग मी उरलेलंही बोलले. "मी समोर उभी होते मामा. त्याने डोळा आखला तेव्हा. पहिली नजर माझ्यावर..."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखादं अगदी सोपं गणित चुकले होते.

"आणि तो कुठे होता?"

"तो... डोळा आखत होता."

"मागून?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"आखणारा समोरच असतो गो. पाठीमागून कोण डोळे काढतो? पहिली नजर नेहमी आखणाऱ्यावरच पडते. पस्तीस वर्षं माझ्यावर पडतेय." त्याने ब्रश डब्याच्या काठावर ठेवला. "नजरेत काय असतं तर आधी मी गेलो असतो. तो नाय."

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "समोर कोण उभा राहिला की उजेड अडतो. माझा बाप नुसतं 'हला' म्हणायचा, पोरं ऐकायची नाय. म्हणून त्याने त्यात देव घातला. मी पण तेच केलं."

उजेड सरळ रेषेत जातो आणि मध्ये काही आलं की सावली पडते. ही आकृती मी दोन वर्षं काढत होते.

*

मामाने माळ्यावरून मूर्ती उतरवली. गोणपाट काढलं. धूळ बसली होती, रंग थोडा मळला होता. उजवा डोळा मात्र तसाच होता, ओला वाटावा इतका काळा. डावीकडे नुसती पांढरी जागा. मूर्ती दाराजवळ, त्याच जागी ठेवली. मग मी व्हिडीओ उघडला.

आधी त्याचा आवाज आला आणि मामीने पदर तोंडाला लावला. तो बोलत होता, नमस्कार मंडळी, मी तुमचा पेणचा जांभळ्या. त्याच्या गालावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता, तो मला आठवतच नव्हता. तो म्हणाला, लिहून ठेवा, सीरियलवाला. मग त्याने ब्रश उचलला, श्वास रोखला आणि रेघ काढली. मामा फोनच्या इतका जवळ आला की त्याचं डोकं माझ्या खांद्याला लागलं.

"परत लाव," तो म्हणाला. "रेघेपासून."

मी लावलं. चार वेळा, पाच वेळा. "बघ, नाकाकडून नाय सुरू करत तो," मामा पुटपुटला. "बाहेरून आत येतो. हे मी नाय शिकवलेलं." त्याचा उजवा हात हवेत हलत होता. मामीने पडद्याला बोट लावलं आणि व्हिडीओ थांबला. ती घाबरली, "काय झालं गो, गेला काय?" मी पुन्हा सुरू केला.

शेवटी माझाच आवाज होता, कॅमेऱ्यामागून. तो मी पूर्ण विसरले होते. मी विचारत होते, "आणि चुकलास तर?"

दादा हसला. "चुकलो तरी दुसरा डोळा काढणारच ना गो. बाप्पाला काय काणा ठेवू?"

व्हिडीओ तिथेच संपतो.

मामा उठला. शेडच्या टोकापर्यंत गेला, तिथे उभा राहिला, परत आला. त्याने ब्रश धुतला, फडक्याला पुसला, टोक ओठांनी जुळवलं. मला वाटलं तो आता लगेच बसेल. पण त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार वाजले होते.

"नाव किती वाजता हाय?"

"पाच वाजता."

"मग पाच वाजेपर्यंत थांबू," मामा म्हणाला. "त्याने तसं ठरवलंन ना."

आम्ही तिघं त्या मूर्तीभोवती बसून राहिलो. मामीने चहा केला. जांभळ्या कोण होणार याची तेवढ्या वेळात जगात किती जण वाट बघत असतील माहीत नाही, पण माझ्या मामाइतकं सरळ बसून कोणी बघत नसेल. त्याने पहिला सिनेमाही पाहिलेला नव्हता.

पाच वाजले. फोनवर चित्र उघडलं. मामीने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"दाढीवाला," मी म्हटलं.

"मी काय बोललेले?" मामी म्हणाली. आणि ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि रडता रडता ती म्हणाली, "आईचं ऐकायला नको. डोळे बघ म्हणे, डोळे."

मी दादाचा व्हिडीओ टाकला. दोन वर्षांपूर्वीची तारीख वर लिहिली, बाकी काही नाही. जरा वेळ काहीच झालं नाही. मग फोन वाजायला लागला.

"काय म्हणतात?" मामीने विचारलं.

मी वाचून दाखवलं. "पेणवाला परत आला." "भाई चुकला, पण हात बघा काय हाय." कोणी म्हणत होतं, टीझरमध्ये या तिघांपैकी कोणीच नव्हता, ते तीन सेकंद भलत्याच कोणाला तरी उभं करून काढले होते. म्हणजे दादाने एवढे दिवस ज्या डोळ्यांची रेघ शोधली, ते डोळे कोणाचे होते हे आता कधीच कळणार नाही. एकीने लिहिलं होतं, "मी म्हटलंच होतं कंटाळला असेल, या बाबाने तर डोळा अर्धा ठेवलाय." ती बहुतेक सानिया. उद्या गाडीत तिला सांगावं लागेल. सांगेन.

आणि एकाने लिहिलं होतं, "चुकलास भाऊ. पार्ट थ्रीला भेटू."

मी ते वाचलं आणि थांबले. मामीने विचारलं, "कसलं थ्री?"

"तिसरा भाग. तिसऱ्या भागाच्या वेळी भेटू म्हणतोय तो दादाला."

मामीने नाक पुसलं. फोनकडे बघत म्हणाली, "मग व्हय म्हण की."

"मामी..."

"म्हण गो. तेवढ्याने काय होतंय?"

मी 'व्हय' लिहिलं. दोन अक्षरं, पण ती दादाच्या नावाने पुढे गेली आणि पलीकडून कोणीतरी लगेच अंगठा दाखवला.

"बास आता," मामा म्हणाला. तो स्टूल ओढून मूर्तीसमोर बसला होता. डावा हात उजव्या मनगटाखाली. दारातून पाऊस थांबल्यानंतरचा उजेड आत येत होता, जास्त वेळ टिकणारा नव्हता. "यंदा घरात हीच बसवायची. तू घे तुझा भाग दोन. पण समोरून हल गो. उजेड अडतोय."

मी बाजूला सरकले. मामीही सरकली. फोन बाजूने धरला तेव्हा चौकटीत मूर्तीचा अर्धा चेहरा आला आणि मामाचा अर्धा.

मामाने ब्रश डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या टोकाशी नेला आणि श्वास रोखला. मीही रोखला.